रक्ताची काटकसर

सांगलीजवळच्या हरिपुरास कृष्णा आणि वारणा यांचा संगम आहे. त्या गांवच्या जमिनीच्या पोटांत पूर्वीं हळदीचीं पेवें होतीं. ज्यांनीं तीं पाहिलीं असतील त्यांस त्यांचें कौतुक सांगावयास नको. तोंड लिंपून बंद केलेल्या त्या खोल पोकळींत हळद वर्षानुवर्षें कीड न लागतां राहत असे, आणि भाव चढला कीं बाहेर निघत असे. २००५ च्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें बुडविलीं. तरी त्यांतलें साठवणीचें शहाणपण या प्रांताच्या अंगीं मुरलेलें आहे. पिकेल तेव्हां ठेवावें व लागेल तेव्हां काढावें, हा शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा जुना नियम. परंतु जगांत एक मोलाची वस्तु अशी आहे कीं तिला हा नियम नीट लागू पडत नाहीं. ती शेतांत पिकत नाहीं, कारखान्यांत होत नाहीं, आणि शीतपेटींत ठेवली तरी एरवीं पांच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीं. ती वस्तु म्हणजे माणसाचें रक्त.

जी वस्तु फार दिवस साठवितां येत नाहीं ती जपून वापरण्यावांचून गत्यंतर नसतें. माण-खटाव किंवा जत-आटपाडी या तालुक्यांतील गृहिणीस पाणी जपून वापरावें असें कोणी सांगावें लागत नाहीं. महाबळेश्वरीं पावसाळे काढलेल्या माणसास मात्र तें सांगावें लागतें. वैद्यकविद्येचेंही असेंच झालें. रक्त हवें तितकें मिळेल असें शस्त्रवैद्यांस जोंवर वाटत होतें, तोंवर तें सढळ हातानें वापरलें गेलें. आणि ज्यांस दुसऱ्याचें रक्त देतांच येत नाहीं असे रोगी जेव्हां पुढें आले, तेव्हां काटकसरीची विद्या जोमानें वाढूं लागली. हा इतिहास सगळ्या जगाचा आहे खरा; पण त्यांतलें एक प्रकरण मुंबईंत लिहिलें गेलें, आणि त्या प्रकरणांत वर्णिलेल्या रक्ताचीं माणसें सातारा व सांगली या जिल्ह्यांत आजही राहत आहेत. म्हणून तो येथें थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्याच प्रांतांतील शस्त्रक्रियेच्या आरंभाकडे पाहूं. विल्यम जेम्स वॉन्लेस हे कॅनडांत जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि १८९४ मध्यें मिरजेस त्यांचें रुग्णालय सुरू झालें. मिरज हें रेल्वेचें मोठें स्थानक. त्यामुळें दूरदूरच्या मुलुखांतून रोगी तेथें येऊं लागले, व या संस्थानी गांवाचें नांव शस्त्रक्रियेसाठीं सर्वतोमुखीं झालें. १९२८ मध्यें वॉन्लेस यांस 'सर' ही पदवी मिळाली. आतां एका गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. ज्या वर्षीं हें रुग्णालय उघडलें, त्या वर्षीं माणसांच्या रक्ताचे निरनिराळे गट असतात हें जगांतील कोणत्याही डॉक्टरास ठाऊक नव्हतें. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनीं तो शोध १९०१ मध्यें प्रसिद्ध केला. म्हणजे मिरजेच्या पहिल्या शस्त्रक्रिया ज्या काळांत झाल्या, त्या काळांत सांडलेलें रक्त भरून काढण्याचा भरंवशाचा उपाय कोणाच्याच हातीं नव्हता. सुरी हलकी चालवावी, शीर वेळींच चिमट्यांत धरावी, गांठ पक्की बांधावी आणि काम लवकर उरकावें, एवढेंच काय तें शस्त्रवैद्याच्या स्वाधीन. तेव्हां काटकसरीवांचून दुसरी रीतच नव्हती.

पुढें दिवस पालटले. १९१४-१५ च्या सुमारास सायट्रेट हें द्रव्य घातल्यास रक्त गोठत नाहीं हें कळलें. १९३७ मध्यें शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयांत रक्त सांठवून ठेवण्याची सोय झाली आणि तिला 'ब्लड बँक', म्हणजे रक्ताची पेढी, हें नांव मिळालें. १९४० मध्यें ऱ्हीसस हा नवा भेद लँडस्टायनर व वीनर यांनीं जाहीर केला. दुसऱ्या महायुद्धानें रक्त देण्याघेण्याची कला घरोघर नेली. पेढी उघडली कीं खर्चाचा हात सैल सुटतो, हा व्यवहारांतला अनुभव येथेंही आला. एक बाटली द्यावी कीं दोन, याचा फारसा विचार होईनासा झाला. गट जुळला म्हणजे काम झालें, अशी सर्वांची समजूत होती.

त्या समजुतीस पहिला मोठा धक्का मुंबईंत बसला. परळच्या केईएम रुग्णालयांत दोन जखमी आले होते: एकास रेल्वेच्या अपघातांत इजा झाली होती, दुसऱ्यास भोसकलें होतें. नेहमींच्या तपासणींत दोघेही ओ गटाचे दिसत; परंतु ओ गटाच्या ज्या ज्या दात्याचें रक्त त्यांच्या रक्ताशीं जुळवून पाहिलें, तें तें फुटूं लागलें. डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनीं या कोड्याचा पाठपुरावा केला, लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या तज्ज्ञांचें साहाय्य घेतलें, आणि १९५२ च्या मे महिन्यांत 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकांत त्याचें उत्तर छापलें. हा रक्ताचा एक नवाच प्रकार होता. पुढें जगानें त्यास 'बाँबे' हेंच नांव दिलें. एखाद्या शहराचें नांव रक्तास मिळाल्याचीं उदाहरणें फार नाहींत.

या प्रकाराचें मर्म सोपें करून सांगतां येईल. रक्तांतील तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ए आणि बी या नांवांचीं जीं चिन्हें असतात, तीं एका पायावर बांधलेल्या मजल्यांसारखीं आहेत. तो पाया म्हणजे एच हें द्रव्य. ए गटाच्या माणसाच्या पायावर एक मजला, बी गटाच्या माणसाच्या पायावर दुसऱ्या तऱ्हेचा मजला, एबी गटांत दोन्हीं. आणि ओ गटांत मजला नाहीं, पण पाया आहे. भेंडे यांना ज्यांचें रक्त सांपडलें त्यांच्या पेशींवर हा पायाच नव्हता. पायाच नाहीं तेथें मजले कोठून येणार? म्हणून साध्या परीक्षेंत असें रक्त ओ सारखेंच दिसतें. शरीराचा धर्म असा कीं जें चिन्ह आपल्यापाशीं नाहीं त्यास तें परकें समजतें. या माणसांच्या रक्तांत ए, बी आणि एच या तिन्हींविरुद्ध शस्त्रें तयार असतात. आणि एच तर ओ गटाच्या प्रत्येक माणसाच्या पेशींवर भरपूर असतें. तेव्हां सर्वांना चालणारें म्हणून ज्याची ख्याति, तें ओ गटाचें रक्तच या रोग्यांस विषाप्रमाणें होतें. उलट त्यांच्या तांबड्या पेशी मात्र इतर गटांच्या माणसांस चालूं शकतात. देतां येतें सर्वांस, पण घेतां येतें फक्त आपल्यासारख्यांकडून, असें हें विलक्षण औदार्य निसर्गानें त्यांच्यावर लादलें आहे.

हिंदुस्थानांत अशीं माणसें दहा हजारांत सुमारें एक असावीं असें मानतात. युरोपांत तें प्रमाण दहा लाखांत एकाच्या आसपास सांगतात. आपल्या देशांतही तीं सर्वत्र सारखीं विखुरलेलीं नाहींत; महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या पश्चिम भागांत त्यांचा आढळ अधिक. २०११ च्या शिरगणतींत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाखांहून किंचित् अधिक आणि सांगलीची अठ्ठावीस लाखांहून थोडी अधिक भरली. दहा हजारांस एक हाच सर्वसाधारण हिशेब धरला तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून पांच-सहाशें माणसें या गटाचीं असावींत. त्यांतील बहुतेकांस आपण कोण आहों हें माहीत नसणार. शाळेच्या ओळखपत्रावर, वाहनाच्या परवान्यावर त्यांचा गट 'ओ' असाच लिहिलेला असेल.

येथें आपल्या कुटुंबपद्धतीचा एक धागा या शास्त्रांत येऊन मिळतो. पायाचें द्रव्य तयार करणारें बीज माणसास आईकडून एक व बापाकडून एक असें मिळतें. एक जरी धड असलें तरी पाया उभा राहतो. दोन्हीं सदोष असलीं तरच हा गट उत्पन्न होतो. सदोष बीज एकच बाळगणाऱ्या माणसास त्याची कांहीं कल्पना नसते. परंतु अशा दोघांचें लग्न झालें तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास हा गट येण्याचा संभव चारांत एक. आणि एकाच आजोबांपासून तें बीज दोघांकडे येण्याचा योग नात्यांतल्या लग्नांत अधिक असतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्या दक्षिण महाराष्ट्रांत किती रूढ होती, हें इरावती कर्वे यांनीं १९५३ च्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथांत नोंदविलेंच आहे. आम्हीं त्या चालीस दोष देण्यासाठीं हें लिहीत नाहीं; जमीन व जिव्हाळा घरांत राहावा अशा विचारानेंही ती चाल टिकली असेल. पण त्याच वाटेनें रक्तांतलें एक गुपितही घरांतच राहिलें, एवढें खरें. यांतून एक समाधानाची गोष्टही निघते. असा माणूस सांपडला तर त्याचा जोडीदार शोधावयास जग धुंडाळण्यापूर्वीं त्याच्या सख्ख्या भावाबहिणींकडे पाहावें. कारण त्यांतही चारांत एकाचा संभव असतो.

आतां हृदयाकडे वळूं. कारण रक्ताची खरी भूक हृदयाच्या शस्त्रक्रियेस लागली. धडधडणाऱ्या हृदयावर सुरी चालवावयाची तर त्याचें काम तेवढा वेळ दुसऱ्या कोणीतरी केलें पाहिजे. अमेरिकेंत जॉन गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं यंत्राकडून तें काम करवून घेऊन एका तरुणीच्या हृदयांतील छिद्र बुजविलें. पुढच्याच वर्षीं मिनेसोटांत वॉल्टन लिलेहाय यांनीं यंत्राऐवजीं माणूसच वापरला: लहान मुलाच्या शरीरांतील रक्त बापाच्या शरीरांतून फिरवून आणलें. १९५५ मध्यें रिचर्ड डीवॉल यांचें बुडबुड्यांनीं रक्तांत प्राणवायु मिसळणारें सुटसुटीत यंत्र आलें व या विद्येचा प्रसार झाला. आपल्या देशांत १९६१ मध्यें मुंबईस डॉ. के. एन. दस्तूर यांनीं आणि वेलोरास डॉ. एन. गोपीनाथ यांनीं यंत्राच्या साहाय्यानें हृदय उघडून शस्त्रक्रिया केल्या. केईएममध्यें डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयाच्या शस्त्रक्रियेची परंपरा घडविली, आणि १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं हिंदुस्थानांतील पहिलें हृदयारोपण केलें. ज्या रुग्णालयांत रक्ताचा सर्वांत अडेल प्रकार सांपडला, तेथेंच रक्ताची सर्वांत अधिक भूक असलेली शस्त्रक्रियाही वाढीस लागावी, हा योगायोग खराच.

त्या आरंभींच्या यंत्रांच्या नळ्या व टाक्या भरण्यासाठींच दुसऱ्यांचें रक्त लागे. कित्येक दात्यांनीं ताजें रक्त द्यावें तेव्हां यंत्र नुसतें चालूं करावयास तयार होई. रोग्यास लागणारें तें निराळेंच. या उधळपट्टीस आळा घालण्याचें श्रेय दोन ठिकाणच्या प्रयोगांस आहे. ओक्लाहोमा येथें नाझिह झुहदी यांनीं १९६० मध्यें यंत्र रक्तानें न भरतां साखरेच्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानें भरलें. रोग्याचें रक्त त्यामुळें पातळ होई, परंतु शरीर थंड केलें असतां तेवढ्या पातळ रक्तावरही तें तग धरी. आणि ह्यूस्टनमध्यें डेंटन कूली यांच्याकडे 'जेहोवाचे साक्षी' या पंथाचे लोक येऊं लागले. दुसऱ्याचें रक्त घेणें त्यांच्या धर्मांत निषिद्ध आहे. प्राण गेला तरी चालेल, पण रक्त नको, असा त्यांचा निर्धार. दुसरा एखादा त्यांना परत पाठविता. कूली यांनीं १९६२ पासून त्यांच्या अटीवर शस्त्रक्रिया केल्या, आणि १९७७ मध्यें अशा ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या पंथाचीं मतें पटोत वा न पटोत. त्यांच्या हट्टानें शस्त्रवैद्यांस जें शिकविलें त्याचा लाभ पुढें सर्वच रोग्यांस झाला, हें मान्य केलेंच पाहिजे.

रक्त पातळ करण्याची ही युक्ति सर्वांस सारखी मानवत नाहीं, आणि येथेंच या विषयाचें मर्म आहे. थोडें गणित करूं. धट्टाकट्ट्या पुरुषाच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. त्याचें हिमोग्लोबिन बारा आहे असें धरूं. यंत्रांतील दीड लिटर द्रव त्यांत मिसळला तर तें साधारण सव्वानऊवर येतें. चिंतेचें कारण नाहीं. आतां चाळीस किलो वजनाची एखादी बाई घ्या. तिचें रक्त सुमारें पावणेतीन लिटर, आणि हिमोग्लोबिन नऊ. तेवढाच द्रव मिसळला कीं तें सहाच्याही खालीं उतरतें; आणि अजून सुरी लागून रक्ताचा थेंबही सांडलेला नाहीं! ही बाई काल्पनिक आहे, पण दुर्मीळ नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षीण आढळल्या. सर्वांचीं जेवणें झाल्यावर उरलेलें खाणारी आमची गृहिणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते तेव्हां ती आधींच अर्धें रक्त घरीं गमावून आलेली असते. म्हणून रक्ताच्या काटकसरीचा आरंभ शस्त्रागारांत होत नसून स्वयंपाकघरांत होतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. शस्त्रक्रियेस सवड असेल तर आधीं कांहीं आठवडे लोह देऊन रक्त वाढवावें, हा सर्वांत साधा आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे.

बाकीचे उपाय शस्त्रागारांतले. यंत्राच्या नळ्या आंखूड करणें, म्हणजे भरावयाचा द्रव कमी होतो. यंत्र चालूं करतांना त्यांतील द्रव रोग्याच्या स्वतःच्याच रक्तानें मागें ढकलून काढून घेणें. शस्त्रक्रियेच्या आरंभीं रोग्याचें एक-दोन पिशव्या रक्त काढून बाजूस ठेवणें व शेवटीं तें ताजेंच परत देणें. सांडलेलें रक्त टिपून फेंकून न देतां शोषून घेणें, धुणें, आणि त्यांतल्या तांबड्या पेशी पुन्हां त्याच्याच शिरेंत सोडणें. तपासणीसाठीं दररोज काढावयाचें रक्तही लहान नळींत काढणें. थेंबें थेंबें तळें सांचतें, तसेंच तें आटतेंही. शक्य असेल तेथें यंत्राचा उपयोगच टाळून चालत्या हृदयावर नव्या शिरा जोडणें. आणि रक्त गोठण्यास साहाय्य करणारीं औषधें. यांपैकीं ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हें औषध जपानच्या शोसुके आणि उताको ओकामोतो या दांपत्यानें शोधलें. तें स्वस्त आहे व आज जगभर वापरलें जातें. ॲप्रोटिनिन या दुसऱ्या औषधाची कथा मात्र बोधप्रद आहे. १९८७ पासून त्याचा बोलबाला झाला, कारण त्यानें रक्तस्राव खरोखरच कमी होई. परंतु कॅनडांतील एका मोठ्या तुलनात्मक परीक्षेंत त्या औषधाच्या रोग्यांत मृत्यु अधिक दिसूं लागले, आणि २००७ मध्यें त्याची विक्री थांबविण्यांत आली. रक्त वांचलें म्हणजे रोगी वांचलाच असें नव्हे, हें त्यानें शिकविलें.

इतके उपाय माहीत असतां सर्व रुग्णालयांनीं ते सारखेच अंगिकारले असतील असें कोणासही वाटेल. तसें घडलें नाहीं. अमेरिकेंत २००८ या एका वर्षांतील एक लाखाहून अधिक हृदय-शस्त्रक्रियांचा हिशेब २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया एकच, हृदयाच्या शिरा जोडण्याची. ज्या रुग्णालयांत वर्षांत शंभराहून कमी शस्त्रक्रिया झाल्या त्यांना वगळूनही असें दिसलें कीं एका टोकाच्या रुग्णालयांत ७.८ टक्के रोग्यांस तांबड्या पेशी दिल्या गेल्या, तर दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयांत ९२.८ टक्के रोग्यांस! रोग्यांरोग्यांतील भेदानें एवढी तफावत उलगडेना. रोग्याची गरज काय, यापेक्षां आपल्या येथील रिवाज काय, हाच निर्णय करीत होता. एका देवळांत एक नैवेद्य, दुसऱ्यांत दुसरा; भटजीस विचारावें तर परंपरा म्हणून सांगतो. शस्त्रवैद्यांचेंही तसेंच होतें, आणि आम्हां सामान्य जनांस याचें नवल वाटूं नये. आपणही बहुतेक गोष्टी अशाच करतों.

मग कमी द्यावें हेंच बरें काय? या प्रश्नाचें उत्तरही एका दमांत मिळालें नाहीं, आणि तें ज्या सचोटीनें शोधलें गेलें ती सचोटी वाचकांपुढें ठेवण्यासारखी आहे. २०१० मध्यें ब्राझीलच्या साओ पाउलो येथील पांचशें रोग्यांत असें दिसलें कीं हात आंखडता ठेवल्यानें अपाय होत नाहीं. परंतु २०१५ मध्यें ब्रिटनमधील सुमारें दोन हजार रोग्यांचा निकाल निराळा आला: हिमोग्लोबिन साडेसातच्या खालीं गेल्यावरच रक्त दिलें त्या गटांत तीन महिन्यांत ४.२ टक्के मृत्यु, आणि नऊच्या खालीं जातांच दिलें त्या गटांत २.६ टक्के. काटकसरीच्या कैवाऱ्यांस हा अपशकुन होता. त्यांनीं तो दडपला नाहीं. अधिक मोठी परीक्षा घेतली. एकोणीस देशांतील पांच हजारांच्या आसपास रोग्यांवर झालेल्या त्या परीक्षेचा निकाल २०१७ मध्यें आला. साडेसातची मर्यादा पाळलेल्या गटांत ५२.३ टक्क्यांस रक्त लागलें व साडेनऊच्या गटांत ७२.६ टक्क्यांस, आणि मृत्यु, पक्षाघात इत्यादि आपत्तींत काटकसरीचा गट मागें पडला नाहीं. तात्पर्य, काटकसर आणि कृपणता यांत भेद आहे. ज्यास हवें त्यास तात्काळ द्यावें, आणि ज्यास नको त्यास सवयीनें देऊं नये; हें वाक्य लिहावयास सोपें, पण तें ठरविण्यास वैद्यकविद्येस अर्धें शतक लागलें.

आपल्याकडे या प्रश्नास आणखी एक बाजू होती. कित्येक वर्षें हिंदुस्थानांत रक्त विकत मिळे. भुकेलेलीं व व्यसनी माणसें पैशासाठीं तें पुनःपुन्हां विकीत. एचआयव्हीचा संसर्ग रक्तांतून होतो हें कळल्यावर १९८९ पासून त्याची तपासणी सक्तीची झाली, आणि १९९६ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. तेव्हांपासून सारी भिस्त स्वेच्छेनें देणाऱ्यांवर. महाराष्ट्र सरकारची रक्त मोटारसायकलवरून शीतपेटींतून रुग्णालयास पोंचविण्याची 'जीवन अमृत' योजना २०१४ च्या जानेवारींत राज्यभर सुरू झाली, ती आधीं सातारा व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतच चालवून पाहिलेली होती. तरीही आपल्या रक्तदानास ऋतु असतात. जयंती-पुण्यतिथीस शिबिरांवर शिबिरें होतात व पेढ्या तुडुंब भरतात. परीक्षांचे व उन्हाळ्याचे दिवस आले कीं आटतात. एकाच जिल्ह्यांत महाबळेश्वर आणि माण असावें तसें हें आहे. महिन्यासव्वा महिन्यांत नासणाऱ्या वस्तूचा असा पूर आणि असा दुष्काळ कोणाच्याच हिताचा नाहीं.

शेवटीं त्या पांच-सहाशें माणसांकडे परत येऊं. त्यांपैकीं एकाच्या हृदयाची झडप लहानपणच्या संधिवाती तापानें आकसली आहे व शस्त्रक्रिया टळत नाहीं असें समजा. त्याच्यासाठीं आजवर सांगितलेला सारा इतिहास एका टेबलाभोंवतीं गोळा होतो. प्रथम तो खरोखर कोण आहे हें कळलें पाहिजे: त्याचें रक्तजल ओ गटाच्या पेशींशीं मिसळून पाहिलें, किंवा युलेक्स या काटेरी झुडुपाच्या बियांच्या अर्कानें त्याच्या पेशी तपासल्या, म्हणजे गुपित उघडें होतें. मग लोह देऊन त्याचें रक्त वाढवावयाचें. प्रकृति सोसत असेल तर आठवड्यांच्या अंतरानें त्याचेंच रक्त काढून त्याच्याच नांवानें ठेवावयाचें. भावाबहिणींची तपासणी करावयाची. मुंबईस केईएमच्या आवारांतील राष्ट्रीय संस्थेकडे, म्हणजे १९५७ मध्यें रक्तगटांच्या अभ्यासासाठीं जें केंद्र निघालें त्याच्याच आजच्या रूपाकडे, साहाय्य मागावयाचें. आणि शस्त्रागारांत थेंब न् थेंब परत त्याच्याच शिरेंत घालावयाचा. या गटाच्या लोकांची यादी ठेवून देशभरांत जेथें गरज पडेल तेथें दाता मिळवून देण्याचें काम सांगली जिल्ह्यांतील, स्वतः याच गटाच्या एका तरुणानें बरींच वर्षें चालविलें आहे. शेंकडों मैलांचा प्रवास करून अनोळखी माणसास एक पिशवी रक्त देऊन येणारीं हीं माणसें आपसांत कोणत्या नात्यानें बांधलेलीं आहेत? जात नाहीं, गांव नाहीं, भाषाही नाहीं. रक्ताचें नातें हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों; त्याचा खरा अर्थ यांच्याकडून शिकावा.

दुर्मीळ गटाच्या रोग्यासाठीं शस्त्रवैद्य जितकी काळजी घेतो, तितकी प्रत्येक रोग्यासाठीं कां घेऊं नये, हा या साऱ्या इतिहासानें विचारलेला प्रश्न आहे. ओ गटाचें रक्त पेढींत आहे म्हणून तें सांडावें, असें कोठें आहे? तीही एका माणसाच्या दंडांतून निघालेली पिशवी आहे. आमच्या हातून होण्यासारखें थोडेंच आहे, पण तें सोपें आहे. घरांतील बायकामुलींच्या ताटाकडे पाहावें. वाढदिवसाच्या शिबिराची वाट न पाहतां ठरलेल्या अंतरानें वर्षभर रक्त द्यावें. रक्त देतांना किंवा शस्त्रक्रियेपूर्वीं गटाची पुरती, दुहेरी तपासणी झाली आहे ना, हें विचारावें. आणि आप्ताची शस्त्रक्रिया ठरली असतां 'रक्त किती लागेल?' एवढेंच न विचारतां 'तें कमी लागावें म्हणून काय कराल?' हाही प्रश्न डॉक्टरांस आदरानें करावा. चांगल्या डॉक्टरास त्याचा राग येणार नाहीं. हरिपुरचीं पेवें गेलीं; पण मोलाची वस्तु जपून ठेवावी व गरजवंतास मापून द्यावी, हें त्यांचें शहाणपण अजून आपल्या कामास येण्यासारखें आहे.